फसफस यीस्टची की बाटलीची?

फसफसणाऱ्या पेयाचे सारे श्रेय यीस्टला देण्याची पद्धत आहे. ते अर्धेच खरे आहे. यीस्ट ही एकपेशीय बुरशी. तिची पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान, पण भूक दांडगी. १८० ग्रॅम ग्लुकोज पुरते आंबले, तर हिशेबाने ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे वजनाने जवळजवळ निम्मी साखर वायू होते. तरीही कोकणातली माडी सोड्यासारखी नाकात झिणझिण्या आणत नाही. माडावर बांधलेल्या मडक्यातच रस आंबू लागतो, वर पांढरा फेस धरतो. पण मडके बंद नसल्याने बराचसा वायू उडून जातो. वायू निर्माण करणे हे यीस्टचे काम. तो पेयात कोंडून ठेवणे हे भांड्याचे. माझ्या मते फसफस खरी घडते ती या दुसऱ्या कामात.

इतिहासही हेच सांगतो. जोसेफ प्रीस्टली १७६७ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सला राहायला गेला, तो बिअरच्या कारखान्याशेजारी. आंबणाऱ्या पिंपावर साचलेल्या वायूच्या थरात त्याने पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतले आणि ते चरचरीत झाले. १७७२ च्या पुस्तिकेत त्याने हाच वायू खडू आणि गंधकाम्लापासून मिळवून पाण्यात मुरवण्याची कृती दिली. तिथे यीस्टची गरजच उरली नाही. यीस्ट सजीव आहे हे कान्यार द लातूर आणि श्वान यांनी मांडले ते १८३० च्या दशकात, आणि लीबिगसारख्या रसायनतज्ज्ञाचा विरोध मोडून पाश्चरने ते पटवले ते त्याहून नंतर. सोडावॉटर तोवर विकले जात होते. विल्यम हेन्रीने १८०३ मध्ये मांडलेला नियम साधा आहे: दाब दुप्पट, तर विरघळणारा वायू दुप्पट. २० अंश सेल्सिअसला, साध्या दाबाखाली, लिटरभर पाण्यात या वायूचे जेमतेम पावणेदोन ग्रॅम मावतात. शॅम्पेनच्या बाटलीत लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम साखर घालून दुसऱ्यांदा आंबवतात, तेव्हा दाब सहा वातावरणांपर्यंत चढतो. तो सोसायला जाड काच आणि बांधलेले बूच लागते. हिरम कॉडने १८७२ मध्ये पेटंट घेतलेली, आपल्याकडे गोटी सोड्याची म्हणून रुळलेली बाटली तर वायूलाच राखणीला बसवते: आतला दाब गोटी रबरी कड्यावर दाबून धरतो, आणि अंगठ्याने ती आत ढकलली की फस्सकन सुटका.

यावर आक्षेप येतो की यीस्टने आणलेली फसफस नाजूक असते, सिलिंडरची राकट. त्यात तथ्य आहे, पण कारण वायूत नाही. रेणू दोन्हीकडे एकच. मेलेल्या यीस्टपेशींतून आणि मूळ द्राक्षरसातून आलेली प्रथिने बुडबुड्याची कड धरून ठेवतात, आणि पेल्याला चिकटलेल्या सूक्ष्म तंतूंत अडकलेल्या हवेवर नवे बुडबुडे जन्मतात. म्हणजे यीस्टची छाप फेसाच्या पोतावर आणि चवीवर पडते. फसफशीचा जोर मात्र दाब आणि तापमान ठरवतात.

घरी आल्याचे पेय आंबवून बाटलीत भरणाऱ्याने म्हणूनच यीस्टपेक्षा साखरेचा हिशेब आधी करावा. बंद बाटलीत लिटरमागे चार ग्रॅम साखर आंबली की साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. यीस्ट काही बाटलीची ताकद पाहून थांबत नाही. ती मर्यादा आपणच घालायची असते.