मोटारीवरचे ओरखडे आणि प्रकाश

एखादी किमती काळी मोटार सावलीत उभी असली की आरशासारखी दिसते. तीच उन्हात आणा. बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळे दिसू लागतील. गाडी पुसणाऱ्याने फडके गोल फिरवले म्हणून ती पडली, असे पुष्कळांना वाटते. पण आपण दोन पावले बाजूला सरकलो की वर्तुळेही सरकतात! ओरखडे कधी चालतात काय?

घरातले घासून जुने झालेले स्टीलचे ताट दिव्याखाली धरा. तेथेही हेच दिसेल. ओरखडे खरे तर सर्व दिशांना वेडेवाकडे पसरलेले असतात. प्रत्येक ओरखडा प्रकाश मुख्यतः आपल्या लांबीला आडव्या दिशेने फेकतो. त्यामुळे दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती वर्तुळ काढले, तर त्याच्या स्पर्शिकेच्या दिशेत असलेले ओरखडेच आपल्या डोळ्यांकडे प्रकाश पाठवतात. बाकीचे तेथेच असून दिसत नाहीत.

आजच्या बहुतेक मोटारींच्या पत्र्यावर प्राइमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लेप असतो. कारागीर त्याला ‘क्लिअर कोट’ म्हणतात. त्याची जाडी साधारणतः ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाहूनही कमी! त्याचा अपवर्तनांक सुमारे १.५ असल्याने सरळ पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम ४ टक्के परावर्तित होतो. काळ्या रंगातून फारसा प्रकाश परत येत नाही, म्हणून ही ४ टक्क्यांची प्रतिमा उठून दिसते आणि ती विस्कटली की तेही लगेच दिसते. पांढऱ्या गाडीचे ओरखडे आतून येणाऱ्या भरपूर प्रकाशात लपून जातात.

ओरखड्यावर पाण्याचा थेंब सोडून पाहा. तो दिसेनासा झाला, तर बहुधा वरच्या लेपातच आहे. पाण्याचा अपवर्तनांक हवेपेक्षा लेपाला जवळचा असल्याने प्रकाश कमी विखुरतो. मेण हेच काम अधिक चांगले करते, पण मेण धुऊन गेले की ओरखडे पुन्हा हजर. जुनी गाडी विकणाऱ्यांना ही युक्ती चांगलीच ठाऊक असते!

खरी दुरुस्ती निराळी. फिरत्या स्पंजावर ॲल्युमिनियम ऑक्साइडची अतिसूक्ष्म पूड असलेले कंपाउंड लावून लेप घासतात. यात ओरखडा भरून येत नाही. भोवतालचा पृष्ठभाग त्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो. म्हणजे चकाकी मिळते ती लेप खर्चून. एका खेपेस काही मायक्रॉन गेले, तर अशा किती खेपा परवडतील याचा हिशेब तुम्हीच करा. शिवाय उन्हातील जंबुपार किरण शोषणारी द्रव्ये या लेपातच असतात. तो फार पातळ झाला की काही वर्षांत पांढरट पडून त्याचे पापुद्रे निघतात. मग पॉलिश कामाचे नाही. गाडी पुन्हा रंगवावी लागते.

म्हणून जाणता कारागीर यंत्र हाती घेण्याआधी जाडी मोजतो. पोलादी पत्र्यावर चुंबकीय तत्त्वावर चालणारे मापक वापरतात. १९९४ साली आलेल्या ऑडी ए-८ सारख्या ॲल्युमिनियमच्या गाडीवर ते निरुपयोगी. तेथे पत्र्यात भोवरप्रवाह निर्माण करून जाडी ठरवतात. मात्र साधे मापक सर्व थरांची एकूण जाडीच सांगते. त्यात क्लिअर कोट किती, हा अंदाज माणसालाच करावा लागतो, आणि या धंद्यातले कसब मला तरी येथेच दिसते. कडांवर तर दुहेरी धोका असतो. तेथे लेप बहुधा पातळ, आणि स्पंज थोड्याच क्षेत्रफळावर टेकल्याने दाब जास्त. म्हणून कडांना आधी चिकटपट्टी लावतात. आकडा कमी आलाच, तर खोल ओरखड्याच्या धारा तेवढ्या बोथट करून कारागीर थांबतो. जवळून पाहिले तर तो ओरखडा दिसतो, पण उन्हात पूर्वीसारखा चमकत नाही.