आकडा कशावरून मोजला जातो? : छोट्या शिडाच्या नौकेवर डेप्थ साउंडर बदलताना

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील चेसापीक उपसागराची सरासरी खोली जेमतेम 6.4 मीटर आहे आणि त्याला येऊन मिळणाऱ्या खाड्यांच्या मुखांशी ती त्याहूनही पुष्कळ कमी होते. 1970 आणि 1980च्या दशकांत बांधलेल्या, आठ-नऊ मीटर लांबीच्या, फायबरग्लासच्या शिडाच्या नौका या पाण्यात आजही वापरात आहेत. नौका वाऱ्याच्या जोराने कलंडू नये आणि बाजूला सरकू नये म्हणून तिच्या पोटाखाली जे जड पाते बसवलेले असते, त्याला कील म्हणतात. या नौकांची कील साधारणपणे सव्वा ते दीड मीटर खोल जात असल्यामुळे पाण्याची खोली मोजणारे डेप्थ साउंडर हे उपकरण तेथे चैनीची वस्तू राहत नाही. नांगर कोठे टाकावा आणि कोठून परत फिरावे, हे त्याच्याच आधाराने ठरते. अशा नौकेवरील जुने उपकरण बंद पडले की नवे बसवण्याचे काम बहुतेक मालक स्वतः करू शकतात. मात्र त्यामागील तत्त्व समजून घेतले नाही, तर नवे उपकरण चालू असूनही चुकीचा भरवसा देऊ शकते.

खोली मोजण्याची जुनी रीत म्हणजे शिशाचे वजन बांधलेली आणि ठरावीक अंतरावर खुणा केलेली दोरी पाण्यात सोडणे. युरोपीय खलाशी वजनाच्या बुडाशी असलेल्या खळग्यात चरबी भरत, म्हणजे तळाची वाळू किंवा चिखल तिला चिकटून वर येई. कोकणातील कोळी ज्या वावांत खोली सांगतात, तो वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारे, सुमारे सहा फुटांचे अंतर. ध्वनीच्या साहाय्याने खोली मोजण्याच्या पद्धतीचे एकस्व जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अलेक्झांडर बेम यांना 1913 मध्ये मिळाले, तर पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्झच्या स्फटिकांपासून पाण्याखाली श्रवणातीत ध्वनी निर्माण करून दाखवला. काही स्फटिकांवर दाब दिल्यास त्यांत विद्युतभार निर्माण होतो, हा पिअर आणि झाक क्युरी या बंधूंनी 1880 मध्ये लावलेला शोध लांजव्हँ यांच्या या प्रयोगाच्या मुळाशी आहे.

आजच्या साउंडरमध्ये स्फटिकाच्या जागी खास सिरॅमिकची चकती असते आणि ती ज्या भागात बसवलेली असते, त्याला ट्रान्सड्यूसर म्हणतात. विजेचा स्पंद मिळताच चकती कंप पावते, तिच्यातून निघालेला ध्वनी तळावर आदळून परततो आणि परतलेल्या ध्वनीने चकतीत पुन्हा सूक्ष्म विद्युतसंकेत उमटतो. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 1500 मीटर असल्याने दहा मीटर खोलीच्या पाण्यात ही जा-ये सुमारे 13 मिलिसेकंदांत पूर्ण होते. वेग आणि वेळ यांच्या गुणाकाराची निम्मी संख्या म्हणजे खोली. छोट्या नौकांवर प्रायः 200 किलोहर्ट्‌झच्या आसपासची वारंवारिता वापरतात, कारण ती उथळ पाण्यात बारकावा दाखवते. 50 किलोहर्ट्‌झचा ध्वनी अधिक खोलवर पोहोचतो, पण त्याचा बारकावा कमी असतो.

उपकरण आकडा दाखवत नाही, एवढ्यावरून ते बिघडले आहे असे ठरवणे घाईचे होय. जोडणीच्या तारांवर चढलेला हिरवा गंज, कमी झालेला विद्युतदाब, ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर वाढलेले शंखशिंपले किंवा त्यावर दिलेल्या रंगाचा जाड थर, यांपैकी कोणत्याही कारणाने प्रतिध्वनी हरवू शकतो. केवळ दर्शक, म्हणजे आकडा दाखवणारा पडदा बदलून जुना ट्रान्सड्यूसर तसाच ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु दोन्हींची वारंवारिता आणि विद्युत गुणधर्म जुळत नसल्यास ही जोडी चालत नाही, म्हणून दोन्ही भाग एकत्र बदलणे बहुधा श्रेयस्कर ठरते.

सर्वांत महत्त्वाचा निर्णय ट्रान्सड्यूसर कोठे आणि कसा बसवावा, हा आहे. नौकेच्या तळाला भोक पाडून तो थेट पाण्याच्या संपर्कात ठेवता येतो किंवा तळाच्या आतल्या बाजूने बसवून ध्वनी तळाच्या भिंतीतूनच आरपार पाठवता येतो. दुसऱ्या पद्धतीत ध्वनी जाताना आणि येताना असा दोनदा भिंतीत क्षीण होतो. तरीही उथळ पाण्यात फिरणाऱ्या नौकेला उरलेली क्षमता पुरून उरते आणि पाण्याखाली नवे छिद्र पडत नाही, हा मोठा लाभ असतो. मात्र ही पद्धत भरीव फायबरग्लासच्या तळालाच लागू पडते. दोन थरांच्या मध्ये बाल्सा लाकूड किंवा फोम भरलेला असेल, तर त्यांतील हवा ध्वनीला अडवते. लाकडी आणि धातूच्या नौकांवरही हा मार्ग बंद असतो.

जागा निश्चित करण्यापूर्वी एक सोपी चाचणी करता येते. प्लॅस्टिकच्या पिशवीत थोडे पाणी भरून ट्रान्सड्यूसर तिच्यात ठेवावा, पिशवीचे तोंड बांधावे, तळाच्या आतील पृष्ठभाग ओला करून पिशवी त्यावर दाबून धरावी आणि नौका तरंगत असताना दर्शकावर स्थिर आकडा येतो का, ते पाहावे. कीलच्या पुढील भागात, जेथे खालून वाहणारे पाणी बुडबुड्यांविना जाते, तेथे असा आकडा सहसा मिळतो. तोच पिशवी थोडी सरकवताच नाहीसा झाला, तर त्या ठिकाणी भिंतीत हवेचा कप्पा असावा, असे समजावे. जागा सापडल्यावर तेथील रंग घासून काढून प्लॅस्टिकची छोटी नळी इपॉक्सीने उभी चिकटवतात, तिच्यात उपकरणासोबतच्या पुस्तिकेत सांगितलेला द्रव, म्हणजे बहुधा खनिज तेल भरतात आणि ट्रान्सड्यूसर त्यात बुडवून ठेवतात. हवेचा एक बुडबुडा राहिला, तरी सारी मेहनत वाया जाते.

भोक पाडणे अटळ असेल, तर नौका पाण्याबाहेर काढावीच लागते. तळात फोम किंवा बाल्सा असल्यास छिद्राच्या कडेचा तो भाग कोरून काढून तेथे इपॉक्सी भरणे अत्यावश्यक असते, नाहीतर झिरपणारे पाणी वर्षानुवर्षे आतून तळ कुजवत राहते. लाकूड फुगते आणि त्याच्या दाबाने प्लॅस्टिक फुटू शकते, म्हणून लाकडी नौकेला काशाची बैठक निवडतात; अॅल्युमिनियमच्या नौकेवर मात्र कासे कटाक्षाने टाळतात, कारण खाऱ्या पाण्यात या दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया होऊन अॅल्युमिनियम झिजते. तळ उतरता असल्यास ध्वनी सरळ खाली जावा म्हणून तिरप्या चकतीचा ट्रान्सड्यूसर किंवा पाचरीसारखा ठोकळा वापरतात.

तारा ओढताना ट्रान्सड्यूसरची केबल कापू नये, जादा लांबी गुंडाळून ठेवावी, ती इंजिनच्या तारांपासून दूर न्यावी आणि वीजपुरवठ्याच्या तारेवर योग्य क्षमतेचा फ्यूज बसवावा. नव्या उपकरणांत एनएमईए 2000 या नावाची जोडणीपद्धत असते. तिच्यात एका मुख्य तारेवरून सर्व उपकरणे माहितीची देवाणघेवाण करतात आणि तिच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचे रोधक लावावे लागतात.

येथपर्यंत सर्व काही बिनचूक झाले, तरी काम अपुरेच राहते, कारण आकडा कशावरून मोजला जातो, हे उपकरणाला सांगावे लागते. कील 1.2 मीटर खोल आणि ट्रान्सड्यूसर पृष्ठभागाखाली 0.4 मीटर असलेल्या नौकेवर उपकरणाने 2.5 मीटर दाखवले, तर पाण्याची प्रत्यक्ष खोली 2.9 मीटर असते आणि कीलखाली 1.7 मीटर पाणी उरते. हे तिन्ही आकडे खरे असले, तरी त्यांचा अर्थ वेगवेगळा आहे. 0.4 मीटर मिळवायचे की 0.8 मीटर वजा करायचे, हे मालकाने एकदा ठरवून उपकरणात नोंदवावे, दर्शकाजवळ स्पष्ट लिहून ठेवावे आणि सुकाणू हाती घेणाऱ्या प्रत्येकाला सांगावे. सागरी नकाशांतील खोली ओहोटीच्या एका ठरावीक संदर्भपातळीपासून दिलेली असते, त्यामुळे उपकरणाचा आकडा नकाशाशी ताडताना भरतीची उंची हिशेबात धरणे भाग असते. चेसापीकमध्ये भरती-ओहोटीतील फरक थोडा असला, तरी मुंबईजवळ उधाणाच्या दिवशी तो चार मीटरांच्या पुढे जातो.

शेवटची परीक्षा पुन्हा जुन्या दोरीचीच असते. शांत पाण्यात नौका स्थिर ठेवून वजन बांधलेली दोरी तळापर्यंत सोडावी, पृष्ठभागापासूनची लांबी मोजावी आणि उपकरणाच्या आकड्याशी ती ताडून पाहावी. तळाशी मऊ चिखलाचा थर असेल, तर वजन त्यात रुतते आणि दोन मापांत थोडा फरक पडतो, हेही ध्यानात ठेवावे. डेप्थ साउंडर कितीही महागाचे असले, तरी त्याची नोंद दोरीने पडताळून पाहिल्याखेरीज त्यावर विसंबून उथळ पाण्यात शिरू नये आणि पडताळणीनंतरही मोजलेली दोरी नौकेवर हाताशी ठेवावी, कारण वीज गेल्यावर खोली सांगणारे तेवढे एकच साधन उरते.