कवडीची पेठ

कोजागरीच्या आदल्या दिवशी सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर वाहनांना जागा उरत नाही, सगळा रस्ता पायी चालणाऱ्यांचा होतो. सोलापुरातून, कर्नाटकातून लोक जथ्थ्याजथ्थ्यानं येतात. दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर मंचकी निद्रेला गेलेली भवानी अश्विन पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर येते, तिला पाहायला हा लोंढा बालाघाटाचा चढ चढतो. मंदिराजवळच्या पेठेत दुतर्फा हळद-कुंकवाचे ढीग लागलेले असतात. खण, बांगड्या, परड्या, पोत आणि कवड्यांच्या माळा मांडलेल्या असतात.

कवडी म्हणजे समुद्रातल्या गोगलगाईचं कवच, पण तिचा मान आहे तो समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, या कोरड्या डोंगरावर. एके काळी कवडी चलन म्हणून चालत असे. ‘कवडीमोल’ हा शब्द त्याचीच खूण. मालदीवच्या कवड्या जहाजांनी हिंदुस्थानात येत. आज देवीचे आराधी आणि गोंधळी ती गळ्यात घालतात. कच्च्या कवडीला फारशी किंमत नसते. ती निवडून, भोक पाडून, ओवून माळ करणाऱ्या हातांमुळे तिला किंमत येते. ‘तुळजापूर कवडी’ला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तसंच भूम तालुक्यातल्या ‘कुंथलगिरी खव्या’लाही. दुष्काळी मुलखात दूध लांब पाठवणं अवघड, म्हणून ते आटवून खवा करायचा, हे इथल्या लोकांचं शहाणपण त्या मानांकनात आहे.

हे सगळं आज सांगायचं कारण म्हणजे तुळजापूरचा विकास आराखडा. 6 मे 2025 रोजी चोंडी इथं झालेल्या मंत्रिमंडळाच्या बैठकीत तुळजाभवानी मंदिराच्या विकास आराखड्यासाठी 1865 कोटी रुपयांना मंजुरी मिळाली. शिवाय सोलापूर-तुळजापूर-धाराशिव हा सुमारे 84 किलोमीटरचा रेल्वेमार्गही होतो आहे. 2011 च्या जनगणनेत जेमतेम 34 हजार लोकवस्ती असलेल्या गावाच्या दृष्टीनं हा पैसा प्रचंड आहे.

गर्दी सुरक्षित व्हावी, म्हाताऱ्या माणसाला तासन्‌तास उभं राहावं लागू नये, याबद्दल दुमत असण्याचं कारण नाही. माझी काळजी पेठेची आहे. गाडी गावाबाहेरच्या वाहनतळावर उभी राहिली, भाविक दर्शन मंडपातून आत गेला आणि तसाच बाहेर पडून गाडीत बसला, तर परडी कोणाकडून घेणार? काशीत विश्वनाथ धामासाठी तीनशेहून अधिक इमारती घेऊन मोकळी जागा केली गेली आणि 13 डिसेंबर 2021 ला त्याचं लोकार्पण झालं. मंदिराला ऐसपैस प्रांगण मिळालं, जुन्या गल्ल्या मात्र गेल्या. तुळजापुरात असं होऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

लोकांची वाट बदलली की पेठ ओसरते. जिल्ह्याचं ठाणं 1904 साली नळदुर्गहून धाराशिवला गेलं, आणि मग कचेरीच्या कामासाठी येणाऱ्या माणसाला नळदुर्गच्या बाजारात थांबायचं कारण उरलं नाही. त्याहून जुनं उदाहरण तेरचं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ हे मोठं शहर असल्याचं लिहिलं आहे. तिथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जाई. ते तगर म्हणजे आजचं तेर. ती वाट मोडली, आणि संत गोरोबाकाकांच्या या गावात आज त्या व्यापाराचे फक्त अवशेष रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात पाहायला मिळतात.

म्हणून आराखड्यात काही गोष्टी लिहून ठेवाव्यात. दर्शनानंतर बाहेर पडण्याची वाट पेठेतून जावी. नव्या गाळ्यांवर पहिला हक्क आजच्या दुकानदारांचा असावा, रस्त्यावर पथारी टाकणाऱ्यांचासुद्धा. माळा ओवणाऱ्यांना आणि परडी विणणाऱ्या बुरुडांना कामासाठी सावलीची जागा आणि भांडवल मिळावं. मानांकनाची चिठ्ठी लागलेली माळ आणि खवा एकाच दुकानात मिळावा, म्हणजे भूमच्या भट्टीवरच्या माणसालाही देवीच्या गर्दीचा दोन पैशांचा लाभ होईल. भाविक एक रात्र मुक्कामाला राहिला, तर दुसऱ्या दिवशी नळदुर्गचा पाणीमहाल आणि तेर पाहून परतेल. त्याच्या मुक्कामाचा आणि जेवणाचा पैसा जिल्ह्यातच राहील.

सोलापूरहून चालत येणारा आजही पेठेतून जातो, माळेला हात लावून भाव विचारतो, मग महाद्वाराकडे वळतो. रेल्वेनं येणाऱ्याची स्थानकापासूनची वाटही याच पेठेतून आखली जावी.