बुडखा काढा, मग रोप लावा



उसात काणी दिसली की नुसता काळा पट्टा छाटून भागत नाही, बेट मुळासकट उपटून जाळावे लागते, हे आपणांस सांगायला नको. खोडवा संपला की बुडखे नांगराने उलथून मगच नवी लागण करतो, तेही ठाऊक आहे. हाच नियम झाडाच्या बाबतीत मात्र आपण विसरतो. बांधावरचा आंबा वाळला की खोड सरपणाला जाते, बुडखा जमिनीत राहतो आणि पावसाळ्यात त्याच खड्ड्याच्या कडेला नवे कलम लागते. पुढे कलम पिवळे पडले की दोष रोपवाटिकेला!

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन पुणे जिल्ह्यातून पुढे गेले. जुन्नर-आंबेगावात आंबा, हिरडा व इतर अनेक झाडे पडली. लाकूड उचलले गेले, पण बुडखे पुष्कळ ठिकाणी तसेच राहिले. म्हणून हा विषय घेतला आहे.

बुडखा राहिल्याने होते काय? पहिली गोष्ट, वाळवी. कुजते लाकूड हे तिचे घर, आणि शेजारचे कोवळे रोप हा पुढचा घास. दुसरी, बुरशी. झाड मूळकुजीने मेले असेल तर रोग जुन्या मुळांवर टिकतो व नव्या मुळांना लागतो. बुंध्याला छत्रीसारखी आळंबी आली असेल तर हे कारण असण्याचा संभव अधिक. तिसरी, नत्र. लाकूड कुजवणारे जिवाणू जमिनीतले नत्र स्वतःसाठी ओढून घेतात, म्हणून खत घालूनही रोप फिके दिसते. चौथी, फुटवे. निलगिरी, सुबाभूळ, कडुनिंब यांचा बुडखा पुन्हा फुटतो आणि जुन्या मुळांच्या जोरावर नव्या रोपाचे पाणी पळवतो. वळवाच्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे रात्री कडुनिंब-बाभळीच्या पाल्यावर जमतात. तेव्हा उसाच्या कडेला असे फुटवे ठेवायचेच असतील तर भुंगेरे गोळा करून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत.

आता काढायचा कसा ते पाहू. ऊस तुटून गेल्यावर आणि पावसाळ्यापूर्वी हे काम उरकावे. झाड जमिनीलगत कापू नये. तीन-चार फूट खोड ठेवावे, म्हणजे साखळी बांधून ओढायला तरफ मिळते. आदल्या दिवशी पाणी सोडावे, वाफसा आल्यावर भोवती चर खणून आडवी मुळे कुऱ्हाडीने तोडावीत, सोटमूळ शेवटी. साखळी ताणलेली असताना जवळ कोणी उभे राहू नये. जेसीबी लावला तर काम तासाभरात होते खरे, पण खालचा मुरूम वर येतो. वरची काळी माती बाजूला ठेवायला चालकाला आधीच बजावावे. खणण्यापूर्वी पाइपलाइन व मोटारीची केबल कुठून गेली ते पाहावे. शिवाय बांधावरचे झाड ही पुष्कळदा हद्दीची खूण असते. शेजाऱ्याला, भाऊबंदाला बोलावून त्याच्यासमक्ष काम करावे, नाहीतर बुडखा निघतो आणि तंटा रुजतो!

बुडखा पेटवून देऊ नये. मुळांतली आग आत धुमसत राहते, आणि शेजारी वाळलेले पाचट असेल तर उभा फड जातो. मीठ टाकण्याचा उपायही नको, जमीन खराब होते. खड्डा उन्हात तापू द्यावा, मुळांचे तुकडे वेचावेत, मग कुजलेले शेणखत मिसळून भरावा. शक्यतो नवे कलम जुन्या जागेपासून काही पावले दूर लावावे. मूळकुजीने गेलेल्या जागी तर काही वर्षे त्याच जातीचे झाड लावूच नये. उभे झाड तोडायचे असेल तर आंबा, हिरडा, जांभूळ, चिंच अशा झाडांना १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे आधी परवानगी लागते.

सगळीकडेच बुडखा काढावा असे मात्र नाही. ओढ्याचा काठ, घोड-मीना-कुकडीची दरड आणि पश्चिमेकडचे डोंगरउतार येथे मुळांनीच माती धरलेली असते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला, दीडशेवर माणसे गेली. त्या दुर्घटनेची कारणे अनेक सांगितली गेली, त्या वादात आम्ही शिरत नाही. पण उतारावर खणून माती मोकळी करू नये एवढे तरी त्यातून शिकावे. तेथे बुडखा जागेवर कुजू द्यावा व थोडे बाजूला नवे झाड लगेच लावावे. कारण झाड मेल्यावर मुळांची पकडही काही वर्षांत सुटते. तोपर्यंत नव्या मुळांनी माती धरली पाहिजे.

शेवटची सूचना आपल्या भागापुरती. उसाच्या कडेला दिवस मावळताना किंवा पहाटे एकट्याने वाकून खणत बसू नये. वाकलेला माणूस बिबट्याला जनावरासारखा दिसतो. काम उन्हातच, दोघा-चौघांनी मिळून करावे.

एक आंब्याचे झाड दोन पिढ्यांना फळ देते. त्यासाठी एक दिवसाची मजुरी वाचवणे परवडणारे नाही. यंदा बांधावर फेरी मारून आपले बुडखे मोजावेत. काढायचे कोणते नि ठेवायचे कोणते, हे पाऊस पडण्याआधीच ठरवून ठेवावे.