त्याचे टेबल, माझे टेबल

शेगावच्या स्टेशनावर गाडी थांबली की काही प्रवासी मंदिराकडे वळतात, काही कचोरीकडे. मी दोन्हीकडे जाणाऱ्यांपैकी! बुलडाणा जिल्ह्यातल्या या गावाने मला एका प्रश्नाचा नाद लावला. लोकांना खाऊपिऊ घालणारा, उतरायला जागा देणारा माणूस आपले काम सोडून शेजारच्याच्या कामाला हात का लावतो? आणि बहुतेक ठिकाणी का लावत नाही?

गजानन महाराज संस्थानात हजारो सेवाधारी आळीपाळीने येतात. कुणी शेतकरी, कुणी शिक्षक, कुणी साहेब. पण तिथे सगळेच ‘माऊली’. एखादा वयस्क सेवाधारी झाडता झाडता कंबर धरून उभा राहिला, की दुसरा म्हणतो, “माऊली, टेका जरा, मी झाडतो.” कुणी सांगावे लागत नाही. बक्षिशी घ्यायचीच नाही, त्यामुळे ‘माझे गिऱ्हाईक’ हा शब्दच उरत नाही. शिवाय वरचा माणूस कसा वागतो, हे खालचा पाहत असतो. संस्थानाचा कारभार अनेक वर्षे सांभाळणारे शिवशंकरभाऊ पाटील २०२१ साली गेले. ते संस्थानचा चहासुद्धा घेत नसत, असे लोक आजही सांगतात.

आता एखादे रस्त्यावरचे हॉटेल पाहा. टेबले वाटून दिलेली, टीप ज्याची त्याला. एकाच्या टेबलावर आठ माणसे ताटकळलेली, दुसरा फडका खांद्यावर टाकून भिंतीला टेकलेला. विचारले तर म्हणतो, “त्याचं टेबल त्यानं पाहावं, मले काय करा लागते बाप्पा?” पोरगा आळशी नाही. मदत केली तर पैसे दुसऱ्याच्या खिशात, आणि कपबशी फुटली तर पगारातून कपात याची! जिथे टिपेचा डबा एकच असतो आणि रात्री सगळ्यांत वाटला जातो, तिथे हेच पोरगे न बोलावता धावते.

अमेरिकेतल्या डेनिस ऑर्गन यांनी १९८८ साली अशा न सांगता केलेल्या मदतीवर पुस्तकच लिहिले. अशा वागणुकीला त्यांनी सुजाण नागरिकाच्या वागण्याची उपमा दिली. त्याआधी १९८६ साली रॉबर्ट आयझेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले होते, की मालकाला आपली फिकीर आहे असे नोकराला वाटते की नाही, यावर बरेच अवलंबून असते. आपल्याकडच्या सासुरवाशिणींना हे पुस्तकाविना ठाऊक होते म्हणा!

मात्र एक भीती वाटते. शेगावचे उदाहरण देऊन उद्या एखादा हॉटेलमालक म्हणेल, “बघा, तिथे फुकट राबतात!” अहो, सेवाधारी आठ-पंधरा दिवसांनी आपल्या घरी, आपल्या कमाईकडे परततो. हॉटेलातल्या पोराची कमाई तीच, आणि पुष्कळदा झोपायची जागाही तीच, बाकांच्या मधली. त्याच्याकडून माऊलीपणाची अपेक्षा करण्याआधी त्याचा पगार वेळेवर द्या, आठवड्याची सुट्टी द्या, आणि गर्दीच्या वेळी गल्ला सोडून एकदा तरी स्वतः ताट उचला.