दान आणि दहा माणसें

देऊळ, धर्मशाळा किंवा वाचनालय उभारावयास मोठा दाता लागतो, हें सर्वांस ठाऊक असतें. पण तीच वास्तु शंभर-दीडशें वर्षें नांदती ठेवावयास काय लागतें, याचा विचार क्वचितच होतो. कोनशिलेवर नांव असतें तें पहिल्या दात्याचें. त्यानंतर दरसाल पावसाळ्यापूर्वीं छपराची डागडुजी कोणीं केली, दिव्यांत तेल कोणीं घातलें, शिक्षकाचा पगार कोणीं दिला, हें कोणत्याहि शिलेवर लिहिलेलें नसतें.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील श्रोत्यांस याचें उदाहरण शोधावयास दूर जावें लागत नाहीं. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं कराडजवळ काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ सालीं ती साताऱ्यास आणिली. वसतिगृहांतील मुलांच्या पोटासाठीं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचे दागिने दिले. हें एका घरचें थोर दान झालें. परंतु त्याच्या जोडीस गांवोगांवच्या घरांतून मूठ मूठ धान्यहि गोळा होत असे. दागिना एकदांच मोडतां येतो. मूठ मात्र पुनःपुन्हां भरावी लागते. मोठ्या दानांतील आणि मुठीच्या दानांतील हा भेद ध्यानीं ठेविला, म्हणजे महाराष्ट्रांतील एका अगदीं लहान समाजाचा इतिहास नीट उलगडतो. तो समाज म्हणजे बेने इस्रायल, अर्थात् मराठी बोलणारे यहुदी.

गलबत फुटून आपले पूर्वज अलिबागनजीक नवगांवच्या किनाऱ्यास लागले, अशी या लोकांची परंपरागत समजूत आहे. कोंकणांत ते तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारीं धर्माज्ञेप्रमाणें तो बंद ठेवीत. म्हणून त्यांस ‘शनवार तेली’ असें नांव पडलें. रोहेकर, पेणकर, किहीमकर, दिवेकर हीं त्यांचीं आडनांवें गांवांवरूनच आलेलीं आहेत. कित्येक शतकें त्यांस प्रार्थनामंदिर असें नव्हतें. धर्म चालला तो घरांत : शब्बाथाचा विसावा, सुंता, उपवास, आणि एलियाहू हन्नबीच्या नांवें होणारा पोहे, गूळ, खोबरें व फळें यांचा मलिदा.

यहुदी धर्मांत दानास ‘त्सेदाका’ म्हणतात. या हिब्रू शब्दाचें मूळ ‘न्याय’ या अर्थाच्या धातूंत आहे. दया किंवा उपकार ही कल्पना त्यांत मुख्य नाहीं. देणारा मेहेरबानी करीत नसून आपल्याकडे असलेला दुसऱ्याचा वांटा परत करीत असतो, असा त्याचा भाव आहे. बाराव्या शतकांतील थोर पंडित मायमोनिडीस यानें दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. त्यांत सर्वांत वरची पायरी अशी कीं, घेणाऱ्यास पुन्हां हात पसरण्याची गरजच राहूं नये अशा रीतीनें त्यास उभें करणें.

बेने इस्रायलांचें मुंबईंतील पहिलें प्रार्थनामंदिर १७९६ सालीं उभें राहिलें. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल एझकिएल दिवेकर, हे कंपनी सरकारच्या पलटणींत अंमलदार होते. टिपू सुलतानाच्या कैदेंतून सुटका झाल्यास देवाचें घर बांधीन, असा त्यांनीं नवस केला होता, अशी कथा आहे. मांडवी भागांत त्यांनीं बांधिलेल्या या मंदिरास लोक आपल्या बोलींत ‘मशीद’ म्हणूं लागले, आणि तेथील रस्ता सॅम्युएल स्ट्रीट या नांवानें ओळखला जाऊं लागला. मंदिरासाठीं सेफेर तोरा, म्हणजे हातानें लिहिलेली धर्मग्रंथाची गुंडाळी, मिळवावी म्हणून दिवेकर कोचीनास गेले आणि १७९७ सालीं तेथेंच निवर्तले. बांधणारा वर्षभरांत गेला, तरी मंदिर चाललें. पुढें १८६० सालीं त्याची नवी वास्तु झाली. ‘शाआर हारहमीम’, म्हणजे दयेचें द्वार, हें त्याचें नांव.

तें कसें चाललें, हें पाहण्यासारखें आहे. मंदिराच्या कारभारावर मुकादम असे. हिशेब व तिजोरी गब्बईकडे. प्रार्थना चालविणारा तो हज्जान. आणि झाडलोट, दिवाबत्ती पाहणारा शम्माश. उत्पन्नाचे मार्ग साधे होते. लग्न, सुंता किंवा मृताची आठवण अशा प्रसंगीं कुटुंबें यथाशक्ति देणगी देत. कोणी दिव्याच्या तेलाचा नवस करी. मोठ्या सणांस पवित्र कपाट उघडण्याचा किंवा तोरा वाहून नेण्याचा मान बोली लावून दिला जाई. सणाच्या दिवशीं पैशास हात लावणें निषिद्ध असल्यामुळें बोली तोंडीच होई आणि रक्कम मागाहून गब्बईकडे पोंचे. दिलेला शब्द चारचौघांनीं ऐकलेला असे. तीच त्याची पावती. कारकून, गवंडी, सुतार आणि शिपाई यांच्या या समाजानें मुंबई, ठाणें, पनवेल, पेण, अलिबाग अशीं अनेक ठिकाणीं मंदिरें राखिलीं.

मोठ्या दानाचा इतिहास वेगळ्या घराण्याचा आहे. बगदादहून आलेले डेव्हिड ससून १८३२ च्या सुमारास मुंबईस स्थायिक झाले आणि व्यापारांत, ज्यांत अफूचा व्यापार मोठा होता, अपार संपत्ति मिळवून त्यांनीं बगदादी यहुद्यांसाठीं भायखळ्यास मागेन डेव्हिड हें मंदिर बांधिलें. पुण्याचें ओहेल डेव्हिड, म्हणजे लोकांचें ‘लाल देऊळ’, १८६७ सालीं पुरें झालें. १८६४ सालीं निवर्तलेल्या ससून यांची समाधि त्याच आवारांत आहे. त्यांचे नातू जेकब ससून यांनीं वडिलांच्या स्मरणार्थ १८८४ सालीं मुंबईच्या कोटांत केनेसेथ एलियाहू उभारिलें. या घराण्याची दूरदृष्टि अशी कीं, त्यांनीं वास्तूंबरोबर धर्मादाय न्यासहि मागें ठेविले. व्यक्ति मरते, घराणें परदेशीं जातें, पण न्यास राहतो. विश्वस्त बदलले तरी दात्याच्या हेतूस ते बांधलेले असतात.

शिक्षणाच्या बाबतींत दोन्ही प्रकारचीं दानें एकत्र आलीं. हाईम सॅम्युएल किहीमकर यांच्या पुढाकारानें १८७५ सालीं मुंबईंत इस्रायली शाळा निघाली. समाजाची वर्गणी अपुरी पडे, म्हणून लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशननें तीस साहाय्य केलें. पुढें हाँगकाँग व शांघाय येथील व्यापारी सर एली कदूरी यांच्या देणगीमुळें शाळेस त्यांचें नांव मिळालें.

१९४८ सालीं इस्रायल राष्ट्र स्थापन झालें आणि पुढील दोन-तीन दशकांत बहुसंख्य कुटुंबें तिकडे गेलीं. १९५१ च्या जनगणनेंत भारतांत सुमारें २६,००० यहुदी होते. २०११ च्या गणनेंत ते ५,००० हूनहि कमी भरले. येथें खरी अडचण उभी राहिली. यहुदी रीतीप्रमाणें सामुदायिक प्रार्थनेस किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. त्यास ‘मिन्यान’ म्हणतात. न्यासाच्या व्याजांतून छप्पर दुरुस्त होतें, रंग लागतो, पहारेकरी ठेवतां येतो. पण दहावा माणूस विकत मिळत नाहीं.

आणि याच ठिकाणीं काळानें एक विलक्षण फेरपालट घडविली. एके काळीं बगदादी यहुदी बेने इस्रायलांस आपल्या बरोबरीचे मानीत नसत आणि प्रार्थनेच्या दहांत त्यांची गणना करावी कीं नाहीं, यावरहि वाद होई. आज बगदादी घराणीं जवळजवळ सर्व निघून गेलीं आहेत, आणि ससूनांनीं बांधिलेल्या मंदिरांत दहांची संख्या भरून निघते ती मुख्यतः बेने इस्रायलांमुळेंच. ज्यांचें दान धनाचें होतें त्यांच्या वास्तूंस आतां उपस्थितीचें दान जिवंत ठेवीत आहे. शनिवारीं सकाळीं वेळ काढून येणारा निवृत्त कारकूनहि या अर्थानें दाताच होय.

दानाचा ओघ समाजाबाहेरूनहि येऊं लागला आहे, आणि बाहेरहि वाहतो आहे. केनेसेथ एलियाहूचा जीर्णोद्धार जे. एस. डब्ल्यू. फाउंडेशन व वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड यांच्या साहाय्यानें झाला आणि २०१९ सालीं तें पुन्हां मूळच्या रंगरूपांत उघडलें. वृद्धांची काळजी व तरुणांचें धर्मशिक्षण यांसाठीं ‘जॉइंट’ ही अमेरिकन यहुदी संस्था मदत करते. उलट भायखळ्यास ससूनांच्या शाळेंत आज शिकणारीं बहुतेक मुलें मुसलमान आहेत. यहुदी मुलांसाठीं ठेविलेलें धन शेजाऱ्याच्या मुलांस शहाणें करीत आहे, आणि मायमोनिडीसच्या वरच्या पायरीस हें सर्वथा शोभणारें आहे.

या इतिहासाचें तात्पर्य मंदिरापुरतें नाहीं. साताऱ्याच्या वसतिगृहास आणि मांडवीच्या मशिदीस एकच नियम लागू आहे. मोठें दान वास्तूस जन्म देतें. न्यास तिचें आयुष्य वाढवितो. परंतु तिचा श्वास चालतो तो रोजच्या मुठीवर. ती मूठ कधीं धान्याची असते, कधीं तेलाची, तर कधीं वेळेवर येऊन बसणाऱ्या दहाव्या माणसाची. जी संस्था पुढच्या पिढीच्या हातीं ही मूठ देऊन जाते, तिचेंच नांव कोनशिलेबाहेर टिकतें.