हिरव्या पाण्याचा चित्रपट

वेळणेश्वरला पुळणीवर उतरलेल्या पाहुण्यांची एक तक्रार ठरलेली असते: पाणी निळं नाही. टीव्हीवरच्या माहितीपटात समुद्र काचेसारखा असतो, ऊन तळापर्यंत पोचतं, प्रवाळांतून रंगीत मासे फिरतात. इथे समोर हिरवट-करडं पाणी, आणि पावसाळ्यात तर तांबडं गढूळ. मग माणूस मनाशी ठरवून टाकतो की खरं सागरी जीवन मालदीवला किंवा ऑस्ट्रेलियाला. आपल्याकडे आहे ते फक्त मासेमारीचं पाणी. हा समज साफ चुकीचा आहे, आणि तो रुजवण्यात उत्तमोत्तम माहितीपटांचाही वाटा आहे.

उष्ण कटिबंधातलं पाणी नितळ दिसतं, कारण त्यात तरंगणारं फारसं काही नसतं. नायट्रेट, फॉस्फेट कमी, म्हणून वनस्पती-प्लवक कमी, म्हणून पाणी पारदर्शक. अरबी समुद्राची गोष्ट वेगळी. नैऋत्य मोसमी वारे पृष्ठभागावरचं पाणी ढकलतात आणि काही किनाऱ्यांलगत खोलातलं थंड, पोषक पाणी वर येतं. हिवाळ्यात उत्तरेकडच्या भागात वरचं पाणी गार होऊन खाली बसतं आणि पुन्हा ढवळण होते. त्यात सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या गाळ आणि क्षार आणून ओततात. या सगळ्यावर प्लवक वाढतं. त्यातलं हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश शोषतं, हिरवा परत पाठवतं. आपल्या ताटातला बांगडा आणि तारली याच प्लवकावर पोसलेली असतात. कोकणच्या समुद्राचा हिरवा रंग हा त्याच्या सुपीकतेचा रंग आहे.

कॅमेऱ्याला मात्र हेच पाणी अवघड जातं. स्वच्छ समुद्रातही तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच नाहीसा होतो. म्हणून पाण्याखाली चित्रण करणारे दिवे घेऊन उतरतात. गढूळ पाण्यात दिवा लावला की प्रकाश प्रत्येक कणावर आपटून भिंगाकडेच परततो. आंबा घाटातल्या धुक्यात गाडीचा मोठा दिवा लावावा, तशी गत. त्यामुळे पथकं साहजिकच जिथे दिसतं तिथे गेली. जाक कुस्तो आणि लुई माल यांचा ‘द सायलेंट वर्ल्ड’ १९५६ साली आला, कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळवून गेला आणि समुद्राखालचं जग रंगीत पडद्यावर पोचलं. त्याच चित्रपटात मासे मोजण्यासाठी प्रवाळात सुरुंग उडवल्याचं दृश्य आहे. आज ते बघवत नाही. २००१ची ‘ब्लू प्लॅनेट’ आणि २०१७चा तिचा दुसरा भाग यांनी चित्रणाचा दर्जा आणि भान दोन्ही वाढवलं. पण नितळ पाण्याची ओढ कायम राहिली.

ही केवळ सौंदर्याची बाब असती तर लिहायचं कारण नव्हतं. पडद्यावर जे दिसतं तेच वाचवावंसं वाटतं. माइक पांडे यांनी गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कची शिकार चित्रित केली. २००० साली ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ लोकांनी पाहिला आणि २००१ साली या माशाला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात जागा मिळाली. जो प्राणी कोणी पाहिलाच नाही, त्याच्यासाठी कायदा कोण मागणार?

मग हिरव्या पाण्याचा माहितीपट करायचा कसा? माझ्या मते त्याचे निम्मे तुकडे तयारच आहेत, फक्त ते नेहमीच्या कॅमेऱ्याने टिपलेले नाहीत.

पहिला तुकडा उपग्रहाचा. वेळणेश्वर ज्या तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. २०२२ साली वेळास, आंजर्ले आणि गुहागर इथल्या पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह-ट्रान्समीटर बसवले गेले. प्रथमा, सावनी, वनश्री, रेवा, लक्ष्मी अशी त्यांची नावं. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर असं प्रथमच होत होतं. कासव श्वास घ्यायला वर आलं की यंत्र संदेश पाठवतं, आणि असे ठिपके जोडत त्याचा प्रवास नकाशावर उमटतो. २०२३ साली गुहागरहून निघालेली बागेश्री दक्षिणेला उतरली आणि श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. उलट दिशेचाही पुरावा मिळाला. ओडिशात २०२१ साली धातूची पट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवं एकमेकांपासून तुटलेली आहेत, हा अंदाज या माद्यांमुळे पुन्हा तपासावा लागतो आहे.

दुसरा तुकडा आवाजाचा, आणि मला तो सर्वांत विलक्षण वाटतो. पाण्यात ध्वनी हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो आणि गढूळपणाने त्याचं काही बिघडत नाही. २०१७ साली गोव्याच्या ग्रँड बेटाजवळ पाण्याखाली ठेवलेल्या ध्वनिग्राहकांत हंपबॅक देवमाशांचं गाणं नोंदलं गेलं. इतर समुद्रांतले हंपबॅक चरायला ध्रुवांकडे जातात. अरबी समुद्रातले जात नाहीत. मोसमी वाऱ्यांनी पिकवलेलं अन्न त्यांना इथेच मिळतं. म्हणजे ज्या हिरव्या पाण्यावर आपण नाराज असतो, त्याच्याच जोरावर ही जगावेगळी जमात टिकली आहे. ती आता फार थोडी उरली आहे. एकट्या नोव्हेंबर १९६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी अरबी समुद्रात २३८ हंपबॅक मारले होते. लुबान नावाची मादी ओमानजवळून निघून भारताच्या किनाऱ्यापर्यंत आली आणि परत गेली, हेही उपग्रहामुळेच कळलं.

तिसरा तुकडा मच्छीमारांच्या मोबाइलमध्ये आहे. जाळ्यात सापडलेलं कासव, डॉल्फिन किंवा व्हेल शार्क सोडून देण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर महाराष्ट्र शासन २०१८च्या अखेरीपासून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं. पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ लागतो. या चित्रफितींत होडी हलते, माणसं ओरडतात, प्राण्याचा अर्धाच भाग दिसतो. तरीही किनाऱ्यापासून किती अंतरावर, कोणत्या महिन्यात, कोणता जीव होता, याची ही खरीखुरी नोंद आहे. तारीख-ठिकाणासह ती एकत्र जपली, तर परदेशी पथकाला वर्षभर राहूनही जमणार नाही असा चित्रपट हाती येईल. मराठी निवेदनासह तो कोणीतरी करावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. नितळ दृश्यांची हौसही त्यात भागेल: विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटरवर, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखलं जाणारं आंग्रिया बँक हे बुडालेलं प्रवाळ-पठार आहे, आणि तिथलं पाणी स्वच्छ आहे.

हातात मोबाइल असलेल्या प्रत्येकाला एवढंच सांगणं. ओहोटीला खडकांच्या खळग्यांतले जीव जरूर टिपा, पण त्यांना उचलू नका आणि दगड उलटा केलात तर पुन्हा होता तसा ठेवा. रात्री किनाऱ्यावर कासव दिसलं तर फ्लॅश आणि टॉर्च बंद ठेवा. पांढऱ्या उजेडाने मादी अंडी न घालताच परत फिरू शकते, आणि पिल्लं समुद्राऐवजी दिव्याकडे चालू लागतात. लांब उभे राहा आणि वनविभागाला किंवा गावातल्या कासवमित्रांना लगेच कळवा.